नोंदीचे वय : किशोर-दुःस्वप्नकादंबरीचा एक दुर्लक्षित पूर्वेतिहास

सुझान वेन यांच्या ‘द बार कोड टॅटू’ (२००४) या अमेरिकन किशोरकादंबरीत सतरावा वाढदिवस हा मनगटावर पट्ट्यांची खूण गोंदवून घेण्याचा दिवस असतो. ती खूणच ओळखपत्र, तीच पैशाचे पाकीट आणि तीच वैद्यकीय नोंदवही. कायला रीड ही नायिका खूण नाकारते आणि हळूहळू सर्वच व्यवहारांतून बाद होत जाते. या कथावस्तूची वंशावळ सांगताना झाम्यातिनच्या ‘आम्ही’मधील आकडे धारण करणारे नागरिक किंवा ऑर्वेलच्या ‘१९८४’मधील (१९४९) पाळत यांच्याकडे बोट दाखवण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. त्या कादंबऱ्यांचे नायक प्रौढ आहेत; व्यवस्थेच्या आत राहून ते बंड करतात. किशोर-दुःस्वप्नकादंबरीत प्रश्न उंबरठ्याचा आहे. व्यक्तिघडणीच्या कादंबरीत प्रौढत्व अनुभवाने मिळत असे. येथे ते नोंदवहीत चढवले जाते. वय आणि नोंद यांची ही सांगड कादंबरीकारांच्या प्रतिभेतून निपजलेली नाही. तिला वसाहतींच्या दप्तराचा इतिहास आहे.

बंगालमध्ये जंगीपूर येथे १८५८ साली विल्यम हर्शेल याने एका कंत्राटावर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या पंजाचा ठसा घेतला, तो पुढे शपथ मोडू नये म्हणून. या प्रयोगाचे शास्त्र पुढे कलकत्त्यात घडले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या परिश्रमांतून ठशांचे वर्गीकरण सिद्ध झाले आणि श्रेय, नेहमीप्रमाणे, वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्री याच्या नावावर जमा झाले. हाच हेन्री १९०० साली पोलीसव्यवस्थेच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत गेला. १९०६ च्या ट्रान्सवाल वटहुकुमाने आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाला नोंदणी सक्तीची केली. वर्णद्वेषी राजवटीने १९५२ च्या कायद्यान्वये सोळा वर्षांवरील आफ्रिकी लोकांना ओळखपुस्तिका बाळगायला लावली. १९६० साली शार्पव्हिल येथे तिच्याविरुद्ध जमलेल्यांपैकी ६९ जण गोळीबारात मारले गेले. म्हणजे वयात येणे ही दप्तरी घटना होण्यासाठी भविष्यकाळाची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

मराठी वाचकाला तर हे सांगावेही लागू नये. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात नोंद झालेल्यांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार होता आणि मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याची तरतूदही होती. तो कायदा गेल्यावरही जन्माने लागलेला शिक्का कसा टिकून राहतो, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने (१९८७) दाखवून दिले आहे. अमेरिकन किशोरकादंबरी ज्याला ‘उद्या’ म्हणते तो कोणाचा तरी ‘काल’ आहे.

मात्र उसनवारीचा आरोप करून थांबण्यात अर्थ नाही. या स्थलांतरात काय हरवले, हा खरा प्रश्न आहे. वेन यांच्या कादंबरीत पट्ट्यांमध्ये माणसाची जनुकीय माहिती दडलेली असते आणि तिच्या आधारे लोकांना नोकरीतून, विम्यातून वगळले जाते. हे रहस्य उलगडले की नकार समर्थनीय ठरतो. पण नकाराच्या क्षणी कायलाजवळ पुरता पुरावा नसतो. असते ती केवळ शंका आणि मनाची अढी. ही अढी लेखिकेला पुरेशी वाटत नाही. म्हणून आधी कारस्थान आणि नंतर ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरातील आश्रय व अतींद्रिय शक्ती यांचा आधार घ्यावा लागतो. सार्वजनिक प्रश्नाला अशी खाजगी, अद्भुत पळवाट काढून दिली आहे.

जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात १६ ऑगस्ट १९०८ रोजी लोखंडी कढईत परवाने जाळले गेले, तेव्हा त्या कागदांत कोणतेही रहस्य नव्हते. उलट त्यांतील पुष्कळ परवाने, वर्षारंभीच्या तडजोडीनुसार, लोकांनी आपखुशीने घेतलेले होते. राजीखुशीने दिलेला ठसा अपमानास्पद नाही, सक्तीचा ठसा अपमानास्पद आहे, अशी गांधींची भूमिका होती. ती मान्य नसलेल्या मीर आलमने त्याच फेब्रुवारीत त्यांना रस्त्यात मारहाण केली. अपमान खुणेत असतो की सक्तीत, हा वाद इतका जीवघेणा होता. किशोरकादंबरी तो वाद उभाच राहू देत नाही, कारण तिची खूण मुळातच विषारी असते.

एम. टी. अँडरसन यांची ‘फीड’ (२००२) याबाबतीत अधिक धीट आहे. मेंदूत रोवलेल्या जोडणीला गोंधळात टाकण्यासाठी व्हायोलेट ही मुलगी मुद्दाम परस्परविसंगत आवडीनिवडी दाखवते. पुढे तीच जोडणी बिघडून तिचे शरीर निकामी होऊ लागते, आणि जिच्या आवडींचा भरवसा नाही अशा गिऱ्हाइकाच्या दुरुस्तीवर पैसा घालायला कंपनी तयार होत नाही. येथे कारस्थान नाही, हिशेब आहे. कॉरी डॉक्टरो यांच्या ‘लिटल ब्रदर’मध्ये (२००८) सॅन फ्रान्सिस्कोचा सतरा वर्षांचा मार्कस चाल ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांना चकवण्यासाठी बुटात खडे घालतो. त्याचे सोबती प्रवाशांच्या नोंदींची अदलाबदल करून निरपराधांनाच संशयित बनवतात. प्रतिकार पुन्हा सामूहिक होतो खरा, पण तो यंत्रकुशल मुलांचा. बाकीचे त्याचे साधन होतात, बहुधा त्यांच्या नकळत.

२०१२ साली टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात एका शाळाजिल्ह्याने हजेरीसाठी रेडिओलहरींची चिप असलेली ओळखपत्रे दोन शाळांत सक्तीची केली. एका विद्यार्थिनीने धार्मिक कारणाने ते गळ्यात घालण्यास नकार दिला. चिप काढून टाकलेले कार्ड देऊ केले, तेही तिने स्वीकारले नाही. ते घालणे म्हणजे योजनेला संमती दर्शवणे होय, असे तिचे म्हणणे होते. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने निकाल तिच्या विरोधात दिला आणि त्याच वर्षी योजनाही गुंडाळण्यात आली. चिप नसलेले, निरुपद्रवी, काहीही न दडवणारे कार्ड नाकारणारी नायिका मात्र या तिन्ही कादंबऱ्यांत आढळत नाही.