आवर्तसारणीचा अखेरचा स्तंभ आणि लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज

मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत अगदी उजवीकडे निष्क्रिय वायूंचा स्तंभ आहे. हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन ही नावे आज शाळकरी मुलांनाही पाठ असतात. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलेव्ह यांनी १८६९ मध्ये सारणी मांडली, तेव्हा मात्र हा स्तंभ तीत नव्हता. त्यासाठी रिकामी जागाही सोडलेली नव्हती. १८९४ ते १८९८ या अवघ्या चार वर्षांत हे पाचही वायू पृथ्वीवर हाती आले आणि त्या प्रत्येक शोधात लंडनच्या गॉवर स्ट्रीटवरील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्रयोगशाळेचा वाटा होता. याच प्रयोगशाळेशी बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि काहीशा दुरून पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांचेही नाते आहे.

या महाविद्यालयाची स्थापना १८२६ ची. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे त्या काळी अँग्लिकन पंथाबाहेरच्या विद्यार्थ्यांना पदवी मिळत नसे. धर्माची अट न घालता शिक्षण द्यावे, या हेतूने हे नवे विद्यालय निघाले. जुन्या विद्यापीठांत ग्रीक-लॅटिनचा दबदबा असताना येथे रसायनशास्त्रासारख्या विषयांना आरंभापासून मानाचे स्थान मिळाले.

टॉमस ग्रॅहॅम १८३७ मध्ये येथे प्राध्यापक झाले. वायूंच्या विसरणाचा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे ते शाही टाकसाळीचे प्रमुख झाले आणि तेथे असतानाच, १८६१ मध्ये, त्यांनी कलिल द्रव्ये व अपोहन यांविषयीचे विवेचन प्रसिद्ध केले. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी आज सर्वत्र वापरला जाणारा ‘डायलिसिस’ हा शब्द त्यांचाच. त्यांच्यानंतर अध्यासनावर आलेले अलेक्झांडर विल्यमसन यांनी ईथर कसे तयार होते याचा उलगडा १८५० मध्ये केला होता. जपानमधून परदेशगमनाची बंदी मोडून गुप्तपणे आलेले पाच तरुण १८६३ मध्ये विल्यमसन यांच्या आश्रयाने या महाविद्यालयात शिकू लागले. त्यांपैकी इतो हिरोबुमी पुढे जपानचे पहिले पंतप्रधान झाले.

दशांशातील फरक

विल्यम रॅम्से १८८७ मध्ये या पदावर आले. त्यांच्या मोठ्या शोधाचे मूळ एका क्षुल्लक वाटणाऱ्या विसंगतीत आहे. लॉर्ड रॅले हे पदार्थवैज्ञानिक वायूंची घनता काटेकोरपणे मोजत होते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन एका लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम भरे, तर रासायनिक संयुगांपासून बनवलेला सुमारे १.२५१ ग्रॅम. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या एखाद्याने तो उपकरणाच्या माथी मारून विषय संपवला असता. रॅले यांनी मात्र १८९२ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांनाच खुलासा विचारला.

रॅम्से यांनी हवेतील नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुनःपुन्हा नेला. मॅग्नेशियम नायट्रोजन शोषून घेई; तरी थोडा वायू मागे उरे. त्याचा वर्णपट कोणत्याही ज्ञात वायूशी जुळेना. वस्तुतः हेन्री कॅव्हेंडिश यांनाही १७८५ मध्ये हवेच्या प्रयोगात न विरणारा एक बारीक बुडबुडा दिसला होता आणि त्यांनी तशी नोंदही केली होती; शंभर वर्षे तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. ऑगस्ट १८९४ मध्ये रॅले व रॅम्से यांनी नव्या वायूची घोषणा केली. कशाशीच संयोग पावत नाही म्हणून त्याला ‘आर्गॉन’, म्हणजे ग्रीक भाषेत ‘आळशी’, असे नाव मिळाले. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत तो जवळपास एक टक्का असतो. हे नवे मूलद्रव्य नसून नायट्रोजनचेच तीन अणूंचे रूप असावे, असे खुद्द मेंडेलेव्ह यांनाही सुरुवातीला वाटले होते.

विजयदुर्गचे ओटे

हेलियमची कथा महाराष्ट्राच्या अधिक जवळची आहे आणि तिच्यात गल्लतही बरीच होते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधूनच, ग्रहणावाचून, तो अभ्यासला. त्यातील पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. ती सूर्यावरील नव्या मूलद्रव्याची असावी, असे लॉकियर यांचे मत पडले.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात आणि हेलियमचा शोध तेथेच लागला, असे सांगितले जाते. लॉकियर विजयदुर्गला आले होते हे खरे. पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवर सापडून जवळजवळ तीन वर्षे उलटली होती. मार्च १८९५ मध्ये रॅम्से यांनी क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया करून निघालेला वायू तपासला. ते आर्गॉनच्या शोधात होते. दिसली ती सूर्यावरची पिवळी रेषा. अमेरिकेत हिलेब्रँड यांनी अशाच खनिजातून तो वायू आधी मिळवला होता, पण तो नायट्रोजन समजून. किल्ल्याच्या ओट्यांचे महत्त्व खगोल-निरीक्षणाच्या इतिहासात आहेच. त्यासाठी हेलियमच्या जन्माचा मान त्यांना देण्याची गरज नाही.

आता दोन वायूंच्या मधली जागा रिकामी दिसू लागली. रॅम्से आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेचे भागशः ऊर्ध्वपातन करून १८९८ च्या मे ते जुलै या काळात क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन वेगळे केले. नावांचे अर्थ अनुक्रमे ‘दडलेला’, ‘नवा’ आणि ‘परका’. निऑनचा तांबडालाल प्रकाश पुढे दुकानांच्या पाट्यांवर झळकला. रॅम्से यांना १९०४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी रॅले यांना पदार्थविज्ञानाचे. रॅम्से यांचे सगळेच निष्कर्ष मात्र टिकले नाहीत. रेडियमच्या प्रभावाने तांब्यापासून लिथियम तयार होते, हा त्यांचा १९०७ चा दावा मेरी क्युरी यांच्या पडताळणीत उतरला नाही.

रेणूंपासून स्फटिकांपर्यंत

विसाव्या शतकात येथील कामाचा रोख बदलला. ख्रिस्तोफर इंगोल्ड १९३० मध्ये येथे प्राध्यापक झाले. सेंद्रिय अभिक्रिया नेमक्या कोणत्या टप्प्यांनी घडतात, हे त्यांनी एडवर्ड ह्यूज यांच्यासह मांडले. पदवीच्या वर्गात विद्यार्थ्यांना छळणाऱ्या ‘एसएन १’ व ‘एसएन २’ या संज्ञा तेथल्याच.

घन पदार्थांच्या रचनेचा अभ्यास कॅथलीन लॉन्सडेल यांनी पुढे नेला. बेंझिनचे कडे सपाट असते, हे क्ष-किरणांच्या साह्याने त्यांनी १९२९ मध्ये लीड्स येथे सिद्ध केले होते. १९४६ मध्ये त्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आल्या आणि १९४९ मध्ये तेथील पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. षट्कोनी रचनेच्या हिऱ्याला त्यांच्या सन्मानार्थ ‘लॉन्सडेलाइट’ म्हणतात. युद्धविरोधी निष्ठेपायी १९४३ मध्ये त्यांनी दंड भरण्याऐवजी महिनाभराचा तुरुंगवास पत्करला होता.

बंगळुरू आणि पुणे

मुंबईतील आपली मालमत्ता देऊन संशोधन संस्था उभारण्याची जमशेटजी टाटा यांची योजना व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना फारशी पटलेली नव्हती. अशा वेळी १९०० मध्ये रॅम्से यांना भारतात पाचारण करण्यात आले. त्यांनी देशभर फिरून बंगळुरूची शिफारस केली. जमशेटजी १९०४ मध्ये निवर्तले. संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले संचालक म्हणून आले ते क्रिप्टॉनच्या शोधातील मॉरिस ट्रॅव्हर्स.

रॅम्से यांचे उत्तराधिकारी फ्रेडरिक डोनन यांच्याकडे तर भारतीय विद्यार्थ्यांची रीघच लागली. ज्ञानेंद्रचंद्र घोष त्यांपैकी एक. ते पुढे बंगळुरूच्या त्याच संस्थेचे आणि नंतर खरगपूरच्या आयआयटीचे संचालक झाले. शांतिस्वरूप भटनागर यांनी पायसांवर संशोधन करून १९२१ मध्ये डोनन यांच्या मार्गदर्शनाखाली डी.एस्सी. मिळवली. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची धुरा त्यांच्याकडे आली आणि या परिषदेने देशात प्रयोगशाळांची साखळी उभी केली. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झाले, ते याच साखळीतील.