साडेपाच मीटरचा भाला

इ.स.पू. ३५९ मध्ये मॅसिडोनियाचा राजा तिसरा पर्डिकास इलिरियन टोळ्यांशी लढताना पडला आणि त्याच्याबरोबर चार हजारांवर माणसं कापली गेली. कारभार आला धाकट्या भावाकडे, विशीतल्या फिलिपकडे. घोडदळ सरदारांचं होतं, ते तगडं होतं. पायदळ मात्र नावापुरतं, डोंगरातले मेंढपाळ आणि शेतकरी. ‘सारिसा’ हा लांब भाला आणि त्यावर उभी राहिलेली मॅसिडोनियन फळी ही या नडीची अवलाद.

फळी करून लढणं ग्रीकांना जुनंच होतं. त्यांचा होप्लाइट म्हणजे खाऊनपिऊन सुखी नागरिक. काशाचं शिरस्त्राण, जवळजवळ मीटरभर रुंदीची गोल ढाल, अडीच मीटरच्या आतबाहेरचा भाला, सगळं पदरच्या पैशानं घेतलेलं. साधारण आठ रांगा खोल उभं राहायचं. ढाल डाव्या हातात, त्यामुळे उजवी बाजू उघडी. मग जो तो उजवीकडच्या शेजाऱ्याच्या ढालीआड सरकतो आणि सबंध सैन्यच उजवीकडे कलतं. इ.स.पू. ४१८ च्या मँटिनियाच्या लढाईबद्दल लिहिताना थ्युसिडिडीसनं ही खोड नोंदवली आहे. भीतीचं इतकं नेमकं निरीक्षण लढाईच्या वर्णनांत क्वचित सापडतं.

इ.स.पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्राला थेबेसच्या एपॅमिनोंडासनं रिवाज मोडला. डाव्या बगलेवर पन्नास रांगा खोल माणसं रचली आणि समोरच्या बारा रांगांच्या स्पार्टन फळीचा चुराडा केला. त्यानंतर काहीच वर्षांनी कोवळा फिलिप ओलीस म्हणून थेबेसमध्ये राहिला. अथेन्सच्या इफिक्रेटिसनंही आपल्या हलक्या सैनिकांचे भाले आधीच लांबवले होते. म्हणजे खोली उसनी आणि लांबीची कल्पनाही उसनीच.

फिलिपचं स्वतःचं काय, तर हिशेब. मेंढपाळाला काशाचं चिलखत परवडत नाही. पण शत्रूला लांबच रोखलं तर चिलखताची गरज कमी होते. थिओफ्रास्टसनं आपल्या वनस्पतींवरच्या ग्रंथात एका झाडाची उंची सांगताना सर्वांत लांब सारिसाचं माप दिलंय, बारा हात, म्हणजे सुमारे साडेपाच मीटर. एवढं धूड पेलायला दोन्ही हात लागतात, म्हणून ढाल लहान झाली आणि पट्ट्यानं गळ्यात अडकली. पहिल्या पाच रांगांची पाती फळीच्या पुढे निघत; मागचे भाले तिरपे वर धरलेले, येणारे बाण अडवायला.

पण काठी लांब केली की सैन्य होतं असं नाही. वळताना सोळा रांगांचे भाले एकमेकांत अडकले तर फळी जागच्या जागी संपते. म्हणून फिलिपनं माणसांना कवायतीत पिळलं. पुरतं ओझं अंगावर घेऊन ३०० स्टेडिया, पन्नास किलोमीटरच्या वर, चालवत नेलं. गाड्या बंद केल्या. तीस दिवसांचं पीठ पाठीवर दिलं. माझ्या मते खरा शोध हाच. श्रेय मात्र मुलानं, अलेक्झांडरनं नेलं. हीच फळी झेलमच्या काठी इ.स.पू. ३२६ मध्ये पोरसच्या हत्तींपुढे उभी राहिली.

अलेक्झांडर फळीनं शत्रूला जागी गुंतवी आणि घाव घोडदळानं घाली. पुढच्या राजांना हे भान उरलं नाही. इतिहासकार पॉलिबियसच्या काळापर्यंत भाला चौदा हातांवर गेला, तर मॅसिडोनियाचं घोडदळ रोडावलं. इ.स.पू. १६८ मध्ये पिड्नाला खडबडीत जमिनीवर रांगांत भेगा पडल्या आणि रोमन सैनिक छोट्या टोळ्यांनी त्यांत घुसले. तलवार अंगाशी आल्यावर सहा मीटरच्या भाल्याचं करायचं काय? लढाई तासाभरात आटोपली. राजा पर्सियस कैद झाला आणि रोमनं मॅसिडोनियाचे चार तुकडे केले.