सर्पगंधा व मनोरसायने

मानवाची मनोवृत्ती, त्याचा मानसिक ताण व त्याचे आरोग्य यांवर परिणाम करणाऱ्या शरीरांतर्गत द्रव्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. अंतःस्रावी ग्रंथींतून रक्तात मिसळून दूरच्या अवयवांवर कार्य करणारी ‘हॉर्मोने’ हा पहिला वर्ग होय. मेंदूतील एका तंत्रिका कोशिकेकडून दुसरीकडे संदेश नेणारी ‘प्रेषक द्रव्ये’ हा दुसरा वर्ग होय. ‘हॉर्मोन’ ही संज्ञा अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियावैज्ञानिकांनी १९०५ मध्ये रूढ केली. प्रेषक द्रव्यांचे मनोवृत्तीशी असलेले नाते मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास स्पष्ट होऊ लागले. या शोधाच्या वाटेवर एक भारतीय वनस्पती आणि मुंबईतील एका वैद्यकाचे कार्य यांना महत्त्वाचे स्थान आहे.

ही वनस्पती म्हणजे सर्पगंधा (म. हरकी, हिं. छोटा चांद). हे लहान झुडूप हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंत दमट वनांत आढळते. शार्ल प्ल्यूम्ये यांनी १७०३ मध्ये लेओनहार्ट राउव्होल्फ या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्यांच्या स्मरणार्थ तिच्या प्रजातीस नाव दिले. सर्पदंश, ज्वर व निद्रानाश यांवर तिचे मूळ परंपरेने वापरीत. बिहारमध्ये ते वेड्यांचे औषध म्हणून विकले जाई.

तिचा आधुनिक अभ्यास १९३१ मध्ये दोन ठिकाणी सुरू झाला. दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बी महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळांतून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव देण्यात आले. कलकत्ता येथे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व अतिरक्तदाब या दोन्ही विकारांवर मुळाच्या चूर्णाचा गुण येतो, असे त्याच वर्षी प्रसिद्ध केले. एकच औषध रक्तदाबही उतरविते व क्षुब्ध मनही शांत करते, हे निरीक्षण पुढील संशोधनाचे बीज ठरले.

मुंबईच्या राजे एडवर्ड स्मारक (केईएम) रुग्णालयातील हृदयरोगतज्ञ रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांनी सर्पगंधेची पद्धतशीर रुग्णपरीक्षा घेतली. पन्नास अतिरक्तदाबी रुग्णांवरील त्यांचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बहुसंख्य रुग्णांचा रक्तदाब उतरला व गंभीर अपाय दिसले नाहीत. या निबंधामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष सर्पगंधेकडे वेधले गेले. बॉस्टन येथील रॉबर्ट विल्किन्स यांनी तिचा वापर सुरू केला, तेव्हा रुग्णांचे मन शांत होत असल्याचे त्यांनाही आढळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा या औषधनिर्मितिसंस्थेतील म्यूलर, श्लिट्लर व बाइन यांनी ‘रेसर्पीन’ हे तिचे प्रभावी अल्कलॉइड शुद्ध स्वरूपात मिळविले. अहमदाबाद येथील आर्. ए. हाकिम यांनी १९५३ मध्ये मनोविकारांवरील सर्पगंधेचे अनुभव मांडले, तर न्यूयॉर्क राज्यातील मनोवैद्य नेथन क्लाइन यांनी १९५४ मध्ये रेसर्पिनाचे रुग्णालयीन निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५७ चा लास्कर पुरस्कार क्लाइन व वकील या दोघांनाही इतरांसमवेत मिळाला. १९५८ मध्ये भारत सरकारने वकिलांना ‘पद्मभूषण’ दिले.

रेसर्पीन कसे कार्य करते, या प्रश्नाने मेंदूच्या रसायनशास्त्राची दारे उघडली. सिरोटोनीन हे द्रव्य १९४८ मध्ये रक्तातून वेगळे करण्यात आले होते. १९५३ मध्ये बेटी ट्वारोग यांना ते मेंदूतही आढळले. १९५५ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे प्लेचर, शोर व ब्रोडी यांनी रेसर्पिनाने मेंदूतील सिरोटोनिनाचा साठा रिता होतो, असे दाखविले. त्यापाठोपाठ नॉरॲड्रेनॅलिनाची व डोपामिनाचीही तीच गत होते, असे आढळले. कारण असे की, ही द्रव्ये तंत्रिका कोशिकेच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत साठविली जातात. रेसर्पीन त्या पिशव्यांत द्रव्य भरण्याची क्रिया रोखते व उघडे पडलेले द्रव्य विकरांमुळे नाश पावते. स्वीडनच्या आर्‌व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनाने निश्चल झालेल्या सशांना डोपा हे द्रव्य टोचले, तेव्हा ते अल्पावधीत हालचाल करू लागले. यातून डोपामिनाचे महत्त्व ध्यानी आले व कंपवातावरील लेव्होडोपा उपचारास पाया मिळाला. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

याच काळात दुसरी बाजूही उघड झाली. रेसर्पिनाच्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्या काही अतिरक्तदाबी रुग्णांत तीव्र खिन्नता दिसू लागली. प्रेषक द्रव्ये घटली की खिन्नता येते, असा तर्क त्यावरून करण्यात आला. जोसेफ शिल्डक्राउट यांनी १९६५ मध्ये त्यास सिद्धांताचे रूप दिले. परंतु पुरावा एकमुखी नव्हता. डेव्हिस व शेफर्ड यांनी १९५५ मध्येच, चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांना रेसर्पिनाने उलट बरे वाटल्याचे नोंदविले होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक समीक्षेतही सिरोटोनिनाची उणीव हे खिन्नतेचे कारण असल्याचा सुसंगत पुरावा आढळला नाही. यावरून खिन्नतेवरील औषधे निरुपयोगी ठरत नाहीत. एका द्रव्याच्या उणिवेने विकार स्पष्ट होतो, ही सोपी कल्पना मात्र टिकत नाही.

या उणिवेची अंशतः भरपाई हॉर्मोनांच्या अभ्यासाने केली. हान्स सेली यांनी १९३६ मध्ये भिन्न प्रकारच्या आघातांना शरीर एकाच ठरावीक रीतीने प्रतिसाद देते, असे उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. संकटप्रसंगी अधोथॅलॅमसकडून पोष ग्रंथीस व तिच्याकडून अधिवृक्क ग्रंथीस चेतना मिळून कॉर्टिसॉल स्रवते. अल्पकाळ हे हितकारक असते, कारण त्यामुळे रक्तातील शर्करा वाढून संकटाशी सामना करण्यास ऊर्जा मिळते. ताण महिनोन्‌महिने टिकला, तर मात्र निद्रा, रक्तदाब, रोगप्रतिकार व मनोवृत्ती यांत बिघाड संभवतो. म्हणजेच मेंदूतील रसायनांचा विचार माणसाच्या परिस्थितीपासून वेगळा करता येत नाही.

महाराष्ट्रात याचा प्रत्यय मराठवाड्यात येतो. परभणी जिल्ह्यातील शेती मुख्यत्वे पावसावर अवलंबून आहे. अवर्षण, नापिकी व कर्ज यांचा ताण तेथील कुटुंबांना वारंवार सोसावा लागला आहे. पुणे (येरवडा), ठाणे, रत्नागिरी व नागपूर येथील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांवर राज्याची दीर्घकाळ भिस्त होती. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नव्हते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भ यांतील चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यांत परभणीचा समावेश होता. गावातील आशा कार्यकर्त्यांनी खिन्नतेची लक्षणे वेळीच ओळखावी व रुग्णास समुपदेशन आणि औषधोपचार मिळवून द्यावे, अशी ही योजना होय.

रेसर्पिनाची जागा पुढे अधिक सुरक्षित औषधांनी घेतली. मुळांसाठी झालेल्या बेसुमार तोडीमुळे सर्पगंधाच दुर्मिळ झाली व १९९० मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तथापि तिने दिलेला बोध दुहेरी आहे. मन व शरीर एकाच रासायनिक भाषेत बोलतात, हे तिच्यामुळे कळले. त्या भाषेतील एखाद्या शब्दाने माणसाच्या दुःखाचा संपूर्ण अर्थ लागत नाही, हेही तिच्याच इतिहासातून दिसून आले. खिन्न शेतकऱ्यास औषध हवेच असू शकते. परंतु पाणी, पतपुरवठा व आपुलकीचा शब्द यांची जागा औषध घेऊ शकत नाही.