बॉक्सिंग डे आणि आपली पोस्त

आमच्या गटाच्या इंग्रजी वर्गात नाताळचे शब्द चालले होते. ‘बॉक्सिंग डे’ म्हटल्यावर एक मावशी म्हणाल्या, “सणाच्या दुसऱ्या दिवशी मारामारी कशाला गं?”

सगळ्या हसलो. पण या शब्दाचा गुद्द्यांशी संबंध नाही. बॉक्स म्हणजे पेटी. सतराव्या शतकात लंडनमध्ये दुकानांत काम शिकणारी पोरं नाताळात मातीचा गल्ला ठेवायची. गिऱ्हाइकं त्यात नाणी टाकायची, मग गल्ला फोडायचा. पुढे मोठ्या घरांतली नोकरमाणसं नाताळला राबायची आणि २६ डिसेंबरला बक्षिसी घेऊन आपल्या घरी जायची.

म्हणजे आपली दिवाळीची पोस्तच की! हे कळल्यावर शब्द पाठ करावा लागला नाही. मावशींनी स्वतः वाक्य जुळवलं, “अ‍ॅट दिवाळी, वुई गेट पोस्त.” त्या चार घरची धुणीभांडी करतात.

१८७१ साली ब्रिटिश संसदेनं कायदा करून इंग्लंडमध्ये २६ डिसेंबरला बँकांना सुट्टी दिली. हळूहळू ती इतरांचीही झाली. पण घरकाम करणाऱ्या बायकांना त्या कायद्यानं काही दिलं नाही.

मावशी म्हणाल्या, “पोस्त मिळते गं, पण सुट्टी?”

पोस्त देणाऱ्याच्या मर्जीवर असते, सुट्टी हक्कानं मागावी लागते. तर या आठवड्याचा अभ्यास: सणाच्या दिवशी तुमच्या घरी कोण राबतं, ते इंग्रजीत एका वाक्यात सांगा. आणि मग मराठीत, घरच्यांसमोर.