जपमाळेच्या गावाचा पाइप

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ, जुराच्या डोंगरात सँ-क्लोद नावाचं एक गाव आहे. बिएन आणि ताकों या दोन नद्यांच्या संगमावर, कड्यांच्या कुशीत ते दाटीवाटीनं वसलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढं कित्येक दशकं लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत कुठंही लाकडी पाइप विकत घेतला, तर तो या गावात घडलेला असण्याची शक्यता बरीच होती. गंमत अशी, की ज्या झुडपापासून हे पाइप होतात ते जुराच्या थंडीत उगवतच नाही. ते वाढतं कॉर्सिका, कालाब्रिया, सार्डिनिया, अल्जीरिया अशा भूमध्य समुद्राकाठच्या उन्हाळी टेकड्यांवर. मग पाइपची राजधानी इथं कशी झाली? त्याला कारण एक संत.

सातव्या शतकातला बिशप क्लोद याचा देह न कुजता राहिला, अशी श्रद्धा होती. तो देह इथल्या मठात जपून ठेवला होता आणि त्याच्या दर्शनाला शतकानुशतकं यात्रेकरू डोंगर चढून येत. फ्रान्सची राणी अ‍ॅन ऑफ ब्रिटनी हिनं या संतावरूनच आपल्या मुलीचं नाव क्लोद ठेवलं. ही क्लोद पुढं स्वतः फ्रान्सची राणी झाली. जिथं यात्रा तिथं दुकानं आलीच. बॉक्सवूड या घट्ट पिवळ्या लाकडाच्या जपमाळा, छोट्या मूर्ती, डब्या कातून विकणं हा गावाचा धंदा झाला. सावंतवाडीत लाकडी फळं आणि खेळणी जशी पिढ्यान्‌पिढ्या हातात बसली, तशी इथं जपमाळ बसली. पुढं राज्यक्रांती झाली. 1794 मध्ये क्रांतिकारकांनी संताचा देह जाळून टाकला. पाच वर्षांनी आगीत गावाचाही मोठा भाग भस्म झाला. यात्रा आटली, कातारी मात्र उरले. त्यांनी तपकिरीच्या डब्यांकडं आणि पाइपच्या सुट्या भागांकडं मोर्चा वळवला.

पण त्या काळी चांगला पाइप म्हटला, की कुणाच्या डोळ्यांपुढं लाकूड येत नसे. येई ती माती.

तंबाखू युरोपात रुळली ती पांढऱ्या मातीच्या पाइपातून. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये या पाइपची वाटी बोटाच्या टोकाएवढीच असे, कारण तंबाखू महाग होती. ती स्वस्त होत गेली तशी वाटी मोठी झाली. दांड्याही लांबल्या आणि त्यांच्यातलं भोक बारीक होत गेलं. या बदलाचा फायदा पुढं भलत्याच मंडळींना झाला. 1954 मध्ये जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञानं दाखवून दिलं, की उत्खननात सापडलेल्या तुटक्या दांड्यांची भोकं मोजली तर त्या वस्तीचा काळ अंदाजानं सांगता येतो. मातीचे पाइप स्वस्त असत, पटापट तुटत आणि सरळ फेकले जात. त्यामुळं मोजायला दांड्यांची कमतरता नव्हती.

दर्जाची पहिली पद्धतशीर व्यवस्था दिसते ती हॉलंडमधल्या खाउडा या गावात. चीजसाठी प्रसिद्ध असलेलं हे तेच गाव. इथं पाइपचा धंदा रुजवला तो तिथं स्थायिक झालेल्या इंग्रजांनी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. 1660 मध्ये कारागिरांचा संघ स्थापन झाला. प्रत्येक कारागीर वाटीच्या खालच्या टाचेवर आपला शिक्का उमटवी. उंची माल अकीकाच्या दगडानं घासून गुळगुळीत करत, साधा माल तसाच भट्टीत जाई. अठराव्या शतकात टाचेच्या बाजूला गावाचं चिन्हही उमटू लागलं. साध्या प्रतीच्या पाइपवर त्या चिन्हाच्या डोक्यावर एक ‘एस’ अक्षर असे. गिऱ्हाइकानं पाइप उलटा करून टाच पाहिली, की दुकानदाराला थाप मारायला जागा उरत नसे. आजच्या कित्येक ब्रँडांपेक्षा ही पद्धत प्रामाणिक म्हणायला हवी.

खाउडात मातीवर अकीक घासला जाण्याच्या थोडं आधी, आपल्याकडं दख्खनमध्ये अकीक थेट पाइपवरच जाऊन बसला होता. अकबराचा दूत असद बेग विजापूरला गेला, तेव्हा आदिलशाहीच्या राजधानीत त्याला तंबाखू मुबलक दिसली. बादशहासाठी काहीतरी नवलाईचं न्यावं म्हणून त्यानं तंबाखू तर घेतलीच, शिवाय तिथं मिळणारा सर्वांत देखणा पाइपही तयार करून घेतला. त्याचं वर्णन त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. तीन हात लांब नळी, तिच्या दोन्ही टोकांना रत्नं आणि मिनाकारी, तोंडात धरायला येमेनी अकीकाचा लंबगोल तुकडा, तंबाखू पेटवायला सोन्याचं भांडं. 1604 च्या सुमारास चांदीच्या तबकातून हा नजराणा अकबरापुढं आला. हे काय, असं बादशहानं विचारलं. ही तंबाखू, मक्का-मदिनेत सर्वांना ठाऊक आहे आणि औषध म्हणून आणली आहे, असा खुलासा सरदार खान-ए-आझमनं केला. अकबरानं दोन-चार झुरके घेतले. हकीम पुढं सरसावला आणि त्यानं आणखी ओढू दिलं नाही. त्यावर असद बेग आणि हकीम यांच्यात भर दरबारात वाद रंगला. बादशहानं पुढं तंबाखू ओढली नाही, पण सरदारांनी मागण्या सुरू केल्या आणि व्यापारी ती विकू लागले. 1617 मध्ये जहांगीरनं बंदी घातली, ती कुणी फारशी मनावर घेतली नाही.

असद बेगच्या निवडीत धूर कसा लागतो याचा कुठं विचार दिसत नाही. तो पाइप नजराण्यासाठी होता, ओढण्यासाठी नव्हे. याउलट इथली साधी मातीची चिलीम आणि तिच्याभोवती गुंडाळलेली ओल्या फडक्याची छापी यांचा सगळा भर झुरका थंड करण्यावर. पाइपच्या इतिहासात या दोन वृत्ती सतत एकमेकींशी भांडत आलेल्या दिसतात. एकीला मिरवायचं असतं, दुसरीला जीभ पोळू द्यायची नसते.

दोन्ही गोष्टी एकदम साधल्या त्या मीरशॉमनं. तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरजवळ जमिनीतून निघणारं हे पांढरं, हलकं, सच्छिद्र खनिज इतकं मऊ असतं, की त्यावर नखाचा ओरखडा उठतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत व्हिएन्नाच्या कारागिरांनी त्यातून सिंहाची डोकी, घोडेस्वार, अप्सरा काय काय कोरलं! मेणात मुरवलेला असा पाइप वर्षानुवर्षं ओढला, की पांढऱ्याचा मधासारखा पिवळा आणि मग तांबूस होतो. शौकिनांना या रंगाचं कोण कौतुक. साहजिकच नकलाही निघाल्या. कोरीवकामात पडलेला चुरा दाबून त्याचे पाइप होऊ लागले. दिसायला तसेच, पण जड आणि ओलावा कमी शोषणारे.

शेरलॉक होम्सच्या तोंडी चित्रांत दिसणाऱ्या वाकड्या पाइपलाही बहुधा मीरशॉमचीच वाटी असते. तिच्याखालची बाकदार पिवळी मान असते दुधी भोपळ्याची. होय, भाजीच्याच दुधीची! वेलावर असतानाच फळाची मान वाकवून वळवतात आणि वाळल्यावर पाइपसाठी वापरतात. मात्र कॉनन डॉयलच्या कथांत होम्स मातीचा, चेरीच्या लाकडाचा आणि ब्रायरचा पाइप ओढतो. भोपळ्याचा त्यात कुठंच नाही. तो नाटक-सिनेमावाल्यांनी नंतर त्याच्या तोंडात दिला.

तर ब्रायर. लाकडाचे पाइप आधीही होत, पण चेरी, अक्रोड, बॉक्सवूड ही लाकडं तापत आणि हळूहळू जळत. 1850 च्या दशकात सँ-क्लोदच्या कातारींच्या हाती एरिका आर्बोरिया या झुडपाची गाठ, म्हणजेच ब्रायर, लागली. ती त्यांच्यापर्यंत कशी पोचली याच्या दंतकथा अनेक आहेत. नेपोलियनच्या जन्मभूमीला, कॉर्सिकाला गेलेल्या एका भक्ताचा मीरशॉमचा पाइप फुटला आणि तिथल्या शेतकऱ्यानं त्याला या गाठीचा नवा करून दिला, ही त्यातली सर्वांत लाडकी. दंतकथा खरी असो-नसो, गाठीचा गुण मात्र खरा. झाडाचं खोड आणि मूळ यांच्यामध्ये, जमिनीत ती वाढते. उन्हाळ्यात पाणी साठवणं आणि वणव्यानं वरचा भाग जळाला तर तिथूनच पुन्हा फुटणं हे तिचं काम. त्यामुळं ती कठीण असते, उष्णतेला दाद देत नाही आणि ओलावा शोषते. पाइपला आणखी काय हवं?

अशी गाठ तयार व्हायला कित्येक दशकं जातात. खणून काढल्यावर ती वाळू द्यायची नाही, नाहीतर तडकते. म्हणून ओली झाकून ठेवतात. गोल करवतीवर तिचे ठोकळे पाडतात. ते तांब्याच्या मोठ्या हंड्यांत तासन्‌तास उकळून आतला कडू रस काढतात. मग काही महिने सावलीत वाळवणं. इतकं करूनही निर्दोष ठोकळे थोडेच निघतात, कारण गाठ वाढताना तिच्या पोटात वाळूचे कण आणि पोकळ्या राहून जातात. त्या दिसतात वाटी कातल्यावर. पाइपची किंमत इथंच ठरते. डाग नसलेला, सरळ उभ्या रेषांचा तुकडा सर्वांत महाग. बारीक पोकळ्या असतील तर त्या लुकणानं भरतात आणि वर गडद रंग देतात. गडद, चकचकीत पाइप स्वस्त आणि फिकट, नैसर्गिक रंगाचा महाग असण्याचं हे साधं कारण आहे: फिकट रंगात काही लपवता येत नाही.

लाकूड कितीही उत्तम असलं, तरी भोक चुकलं की सगळं फुकट. नळीचं भोक वाटीच्या तळाला, बरोबर मध्यावर निघायला हवं. ते वर गेलं तर खालची तंबाखू ओली राहते आणि पाइप गुरगुरतो. जपमाळेच्या मण्यात बरोबर मधोमध भोक पाडणाऱ्या गावाला ही कला वारशानंच मिळाली होती.

सँ-क्लोदनं गाठी आणल्या, हजारो हातांना काम दिलं. तिथले कामगार सहकारी संस्था काढून संघटित झाले. नाव मात्र बऱ्याचदा दुसऱ्याचं झालं. इथले कितीतरी पाइप कोरेच बाहेर जात आणि दुकानदार त्यावर आपला शिक्का मारत. कोमॉय हे घराणं 1825 पासून या धंद्यात. त्यातल्या हेन्रीनं 1879 मध्ये थेट लंडन गाठलं आणि तिथं कारखाना काढला. आल्फ्रेड डनहिलचा तर मूळ धंदा मोटारवाल्यांच्या सामानाचा. 1907 मध्ये त्यानं लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान थाटलं आणि 1910 पासून स्वतः पाइप करू लागला. सुरुवातीच्या वाट्या फ्रान्समधूनच येत. नळीवर त्यानं एक पांढरा ठिपका बसवला. तोंडात धरताना वरची बाजू कोणती हे कळावं म्हणून तो होता, असं सांगतात. पुढं तोच ठिपका प्रतिष्ठेची खूण होऊन बसला. 1917 मध्ये डनहिलनं वाळूच्या फवाऱ्यानं लाकडाचा मऊ भाग खरवडून खडबडीत पाइप काढला आणि त्याचं पेटंट घेतलं. डब्लिनमध्ये चार्ल्स पीटरसननं 1890 मध्येच वेगळं डोकं लढवलं होतं: नळीच्या सुरुवातीला ओलावा साठेल अशी खोलगट जागा ठेवायची, म्हणजे कडू पाणी तोंडात येत नाही. ठिपक्याच्या तुलनेत ही खरी सुधारणा म्हणावी लागेल.

दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राचा मार्ग बंद झाला. अमेरिकनांनी कॅलिफोर्नियातल्या मँझानीटा झुडपाच्या गाठी वापरून पाहिल्या आणि युद्ध संपताच ब्रायरकडं परतले. मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा पाइप तेवढा तिथं टिकून राहिला. जनरल मॅकआर्थरच्या फोटोंमुळं तो जगभर पोचला आणि ओढायला तो खरोखर बरा असतो, असं जाणकार सांगतात.

मग सिगारेटनं पाइपला मागं टाकलं. सँ-क्लोदमध्ये आता मोजक्या कार्यशाळा उरल्या आहेत आणि पाइपचं एक संग्रहालय आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ सॅम्युएल सोमरिंग यानं ओठाचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांत जास्त दिसतो, अशी नोंद 1795 मध्येच केली होती, म्हणजे ब्रायर सापडण्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी. लाकूड चांगलं मिळालं म्हणून ती नोंद खोटी ठरलेली नाही.

तेव्हा मुंबईच्या चोरबाजारात किंवा आजोबांच्या कपाटात एखादा जुना ब्रायर हाती आलाच, तर शिक्का शेवटी वाचा. आधी तो उजेडात धरून लाकडाच्या रेषा पाहा, लुकणाचे ठिपके शोधा आणि नळीतून तार घालून ती वाटीच्या तळाशी मध्यावर निघते का ते तपासा. एवढं जमलं की पाइप पुसून कपाटात ठेवा. पेटवू नका.