कॅज्युअल्टीच्या दारातला निवाडा

1854 च्या नोव्हेंबरात रशियन सर्जन निकोलाय पिरोगॉव्ह सेवास्तोपोलला पोहोचले. क्रिमियाचे युद्ध पेटलेले होते. शहरातल्या उमरावांच्या ज्या सभागृहात एरवी नृत्याचे समारंभ रंगायचे, तिथे जखमींची रीघ लागली होती. डॉक्टर मंडळी या जखमीकडून त्या जखमीकडे धावत, संध्याकाळपर्यंत थकून जात आणि धड मदत कोणालाच होत नसे. पिरोगॉव्ह यांनी आधी वर्गवारी लावली. तातडीची शस्त्रक्रिया लागणारे एकीकडे, थोडा वेळ थांबू शकणारे दुसरीकडे, किरकोळ जखमा असलेले तिसरीकडे. ज्यांची आशा उरली नव्हती, ते सिस्टर्स आणि पाद्री यांच्या हवाली.

या सिस्टर्स ग्रँड डचेस येलेना पावलोव्हना यांनी त्याच वर्षी स्थापलेल्या संघातल्या होत्या. पिरोगॉव्ह यांनी त्यांच्यात मलमपट्टी, औषधे आणि कोठारव्यवस्था अशी कामे वाटून दिली. तरी कोणाला कोणत्या रांगेत ठेवायचे, हा अधिकार सर्जनचाच राहिला. नेपोलियनच्या फौजेतले दोमिनिक लारे यांनी हुद्दा न बघता जखम बघून उपचार करण्याचा दंडक आधीच घातला होता. तिथेही शब्द सर्जनचाच होता. तातडीनुसार रुग्णांचा क्रम लावण्याच्या या पद्धतीच्या, म्हणजे ट्रायाजच्या, इतिहासात या दोघांची नावे हटकून येतात. परिचारिकांची क्वचितच येतात, आणि हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

कारण पहिल्या महायुद्धात हा निवाडा एका बाईच्या हाती आलेला दिसतो. शिकागोच्या श्रीमंत घरात वाढलेल्या लेखिका मेरी बॉर्डन यांनी 1915 मध्ये फ्रेंच सैन्यासाठी स्वतःच्या पैशाने आघाडीजवळ शस्त्रक्रियेचे रुग्णालय उभे केले आणि त्यात त्या स्वतः राबल्या. त्या प्रशिक्षित परिचारिका नव्हत्या; जे शिकल्या ते स्ट्रेचरशेजारी. 1929 मध्ये आलेल्या त्यांच्या ‘द फॉरबिडन झोन’ या पुस्तकात या कामाचे वर्णन आहे. रुग्णवाहिकेतून उतरणाऱ्यांपैकी कोणाला आधी ऑपरेशनच्या टेबलावर पाठवायचे, हे त्या ठरवत आणि त्यात कोणी हस्तक्षेप करीत नसे. काहींच्या बाबतीत घाई नव्हती, काहींच्या हाती मोजकी मिनिटे होती. थंडीच्या रात्री सगळेच गारठलेले येत. पण हवेच्या थंडीने गार पडलेले अंग वेगळे आणि जीव ओसरत चालल्यामुळे गार पडलेले अंग वेगळे, हा फरक त्यांच्या हाताला लगेच कळायचा. परिचारिकेचे ज्ञान म्हणजे काय, ते इतक्या नेमकेपणाने फार थोड्यांनी लिहून ठेवले आहे.

हे ज्ञान नागरी रुग्णालयांत यायला बराच काळ गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांत गर्दी वाढत गेली. त्यात तातडीची गरज नसलेलेही पुष्कळ असत. येईल त्या क्रमाने तपासायचे म्हटले, तर छातीत कळ घेऊन आलेला माणूस बाकावर बसून राहायचा. म्हणून दारात अनुभवी परिचारिका बसवण्याची पद्धत 1960 च्या दशकात रुजू लागली. 1970 मध्ये अनिता डॉर आणि ज्युडिथ केलहर या दोघींच्या पुढाकारातून तिथल्या इमर्जन्सी परिचारिकांची संघटना उभी राहिली.

दारात बसणाऱ्या परिचारिकेच्या अंदाजाला पक्की मोजपट्टी देण्यात ऑस्ट्रेलियाचा वाटा मोठा. 1970 च्या दशकात मेलबर्नच्या बॉक्स हिल रुग्णालयात आणि पुढे क्वीन्सलँडमधल्या इप्सविचमध्ये झालेल्या कामातून पाच पायऱ्यांची राष्ट्रीय श्रेणी घडली. आज तिथे पहिल्या श्रेणीच्या रुग्णाला तत्काळ, त्यापुढच्यांना अनुक्रमे 10, 30, 60 आणि 120 मिनिटांत उपचार सुरू व्हावेत, असा दंडक आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या डॉक्टर-परिचारिकांचा गट 1994 मध्ये एकत्र आला आणि त्यांनी तक्रारींनुसार 52 तक्ते बनवले. त्यातली खुबी अशी की परिचारिकेने रोगनिदान करायचे नाही. रुग्ण जे सांगतो तिथून सुरुवात करायची आणि धोक्याची लक्षणे एकेक करून वगळत जायची.

प्रत्यक्षात हे कसे चालते? तीन मुले एकदम आली, त्यातले एक हात पोळल्यामुळे किंचाळते आहे. सराईत सिस्टर आधी आईच्या खांद्यावर मान टाकून गप्प पडलेल्या मुलाकडे जाते. किंचाळणाऱ्याचा श्वास चालू आहे, हे तिला ऐकूच येते आहे. मधुमेह असलेली बाई ‘ॲसिडिटी झालीय’ म्हणते. तिच्या कपाळावरचा घाम बघून सिस्टर ईसीजी काढायला लावते. नखावर दाब देऊन सोडला की रंग किती वेळात परततो, श्वास मिनिटाला किती, बोलताना वाक्य पुरे होते की मध्येच दम लागतो, हे सगळे केसपेपर निघेपर्यंत बघून झालेले असते.

डॉक्टर कमी असलेल्या ठिकाणी याचे मोल आणखी वाढते. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या परिसरातल्या तज्ज्ञांनी 2004 पासून तयार केलेल्या श्रेणीत श्वास, नाडी, रक्तदाब, तापमान, शुद्ध यांना गुण आहेतच. शिवाय रुग्ण स्वतःच्या पायांनी आला, आधाराने आला की स्ट्रेचरवर, यालाही गुण आहेत. कमी मुदतीचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेलाही ती वापरता येते, म्हणूनच ती आफ्रिकेबाहेरही पोहोचली.

आपल्याकडे दिल्लीच्या एम्सने लाल, पिवळा, हिरवा अशी स्वतःची पद्धत बसवली आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतही ट्रायाजचे टेबल आता दिसते. त्या खुर्चीवर नवख्या मुलीला बसवून ज्येष्ठ सिस्टरला वॉर्डात पाठवणे हा चुकीचा हिशेब आहे. विभागातली सर्वांत अनुभवी व्यक्ती तिथेच हवी. आणि रुग्ण घेऊन जाणाऱ्यांनी एवढे करावे: आधी कोण आले यावर तिच्याशी वाद घालण्यापेक्षा त्रास केव्हा सुरू झाला, कोणती औषधे चालू आहेत आणि गेल्या तासाभरात काय बदलले, हे तिला नीट सांगावे. बाकावर थांबलेले असताना रुग्णाचा त्रास वाढला, तर उठून तिला लगेच सांगावे, कारण रांग नव्याने लावण्याचा अधिकार तिला आहे.