अंबरनाथचे साचे आणि बदलापूरची पाण्याची खूण

कर्जत लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तर कल्याण ते बदलापूर एवढ्यात हा भाग संपेल.

1868 साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची एक तुकडी अंबरनाथच्या शिवमंदिरात आली. प्रमुख होते टेरी नावाचे साहेब. त्यांनी मंदिराची मापं घेतली, रेखाटनं केली, शिल्पांचे साचे काढले. मंदिर इ.स. 1060 चं, म्हणजे तेव्हाच आठशे वर्षांचं. इतके पावसाळे खाऊन दगड झिजलेला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर टेरींनी मंदिराचा बॅकअप घेतला.

नदीचा साचा काढता येत नाही, ही खरी अडचण. मंदिराला खेटून वाहणारी वालधुनी आज नाक दाबून ओलांडावी लागते. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरात तिच्यात कुणीतरी रसायन ओतलं आणि वायूने शेकडो माणसं आजारी पडली. गंमत बघा, 8 ऑगस्ट 1949 ला निर्वासितांच्या छावणीचं शहर झालं तेव्हा त्याला नावसुद्धा नदीचंच मिळालं. सिंधूकाठची माणसं उल्हासच्या गावात आली!

म्हणून गेल्या मे महिन्यात आम्ही काही मित्रांनी बदलापुरात सोसायटीच्या हॉलमध्ये चित्रांचे रविवार घेतले. फी नाही, पण अट एक: मूल एकटं नको, घरातलं मोठं माणूस सोबत हवं. विषय होता 2050 मधलं आपलं गाव. पहिल्या रविवारी पोरांनी काय काढलं असेल? उडत्या गाड्या! चूक त्यांची नाही, शाळेत भविष्य म्हणजे तेवढंच असतं.

दुसऱ्या रविवारी भिंतीवर माणसापेक्षा उंच कागद लावला आणि मोठ्यांना सांगितलं, 26 जुलै 2005 ला तुमच्या घरात पाणी कुठवर आलं तिथे निळी रेघ मारा. एका काकांनी गुडघ्याशी मारली. एका आजींनी स्टूल मागितलं. हॉल गप्प झाला. मग एक मुलगी रेघेखाली जाऊन उभी राहिली, तिचं डोकंही रेघेला लागेना. उल्हासनगरहून आलेल्या आजोबांनी पूर नाही काढला, बॅरेक काढली आणि तिच्यामागे मोकळा नाला. नाल्यात मासे होते.

27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारभर प्रवासी बोटींनी काढावे लागले. तरी नदीकाठचे फ्लॅट ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून विकले जातातच. नकाशावर निळी पूररेषा असते 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल असते 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. पण नव्याने राहायला आलेला माणूस नकाशा कुठे बघतो? आजींची रेघ मात्र त्याला कळते. त्या दिवसानंतर पोरांच्या 2050 मध्ये गाड्या जमिनीवर उतरल्या, तळमजले रिकामे झाले, आणि एकाने तर शाळाच गच्चीवर नेली.

यंदाचे रविवार अंबरनाथला घ्यायचा विचार आहे. तुमच्या जिन्यात किंवा भिंतीवर 2005 ची खूण अजून दिसत असेल तर रंगकाम व्हायच्या आत शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा.